घरची शाळा आणि गोष्टीची वही

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत दिलेले व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मजसारख्या साध्या शिक्षकास चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, हा मी माझा बहुमान समजतो. विषयाची निवड आपण मजवरच सोपविली होती. तेव्हा ज्या कामात माझी गेली काही वर्षे गेली व ज्यात माझ्या हातून चुकाही झाल्या, त्याविषयीच बोलावे असे मी ठरविले. जी मुलेमुली शाळेत न जाता घरी राहून शिकतात, त्यांस गोष्ट लिहावयास कसे शिकवावे, एवढाच माझा विषय आहे.

हे ऐकून कित्येकांच्या मनात असे येईल की, ज्या जालना जिल्ह्यात उन्हाळा आला म्हणजे पिण्याच्या पाण्याची काळजी लागते, तेथे गोष्टी लिहिण्याचे हे कौतुक कशाला? मुलांनी गणित करावे, इंग्रजी शिकावे, परीक्षा उतरावी म्हणजे झाले. ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर मी आताच देत नाही. माझे बोलणे संपेपर्यंत आपणच ते द्याल, अशी मला आशा आहे.

प्रथम, घरी शिकणारी ही मुले कोण ते पाहू. मुंबई-पुण्याकडे काही सुशिक्षित आईबाप विचारपूर्वक आपल्या मुलांस शाळेत न घालता घरीच शिकवितात. आपल्याकडे तसे क्वचित. आपल्याकडे घरची शाळा बहुधा परिस्थितीच उघडते. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण मिळाले. परंतु चौदावे वर्ष सरले की तो हात सुटतो. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि त्या पुन्हा उघडल्या तेव्हा सारीच मुले परत आली नाहीत. कोणाची आई अंथरुणास खिळलेली, कोणाचे गाव रस्त्यापासून दूर, तर कोणाचे आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीस जाणारे. अशी मुले घरी अभ्यास करतात आणि सतरा नंबरचा अर्ज भरून दहावी-बारावीस खासगी विद्यार्थी म्हणून बसतात. काही राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा देतात. अशांपैकी काहीजण रविवारी दुपारी मजकडे मराठीसाठी येत असत. त्यांची वये चौदापासून सतरापर्यंत होती.

आता गोष्ट शिकवावी कशी? माझ्या अनुभवात चार गोष्टी उपयोगी पडल्या.

पहिली ही की, लिहिण्याच्या अगोदर सांगू द्यावे. आपली मुले गोष्टीस परकी नाहीत. आजीच्या तोंडच्या कहाण्या, कीर्तनातील आख्याने, आणि आपल्या मंदिरात वाचले जाणारे प्रभू येशूचे दाखले त्यांच्या कानांत आहेत. परंतु कागद पुढे आला की हीच मुले निबंध लिहू लागतात. म्हणून मी वही मिटावयास लावीत असे व म्हणे, “काल तुमच्या घरी काय झाले ते मला सांग.” मुलगा सांगू लागला की जेथे त्याचा आवाज बदले, तेथे मी खूण करून ठेवी. गोष्ट बहुधा तेथेच असते.

दुसरी ही की, एका गोष्टीत एकच घटना धरावी. लघुकथा म्हणजे आखूड केलेली कादंबरी नव्हे. एक दिवस, एक जागा, दोन-तीन माणसे, आणि त्या दिवशी त्यांच्यात झालेला एखादा पालट एवढे पुष्कळ झाले. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ पत्र काढून त्यात ‘स्फुट गोष्टी’ लिहिल्या. पुढे १९२२ साली ‘अंगणातला पोपट’ लिहून दिवाकर कृष्ण पुढे आले, तेव्हा मराठी गोष्ट बाहेरच्या प्रसंगावरून माणसाच्या मनात उतरली. हे दिवाकर कृष्ण नंतर हैदराबादेस वकिली करीत. आपला जालनाही १९४८ पर्यंत त्याच हैदराबाद संस्थानात होता, म्हणून त्यांचे नाव मी मुलांस अगत्याने सांगतो. पोपट व अंगण एवढ्यावरही कथा उभी राहू शकते, हे मुलांस पटले म्हणजे निम्मे काम झाले.

तिसरी ही की, वस्तूंस त्यांच्या नावाने हाक मारावी. ‘निसर्गरम्य शेत’ असे मुलाने लिहिले की मी विचारी, “शेतात काय होते?” मग हळूहळू मोसंबीची आळी येतात, ठिबकच्या नळ्या येतात, आंबिया बहार की मृग बहार याचा वाद येतो, आणि शेत डोळ्यांपुढे उभे राहते.

चौथी ही की, शेवटचे तात्पर्य कापावे. गोष्ट नीट सांगितली असेल तर ते वाचकाच्या मनात आपोआप उमटते. नीट सांगितली नसेल तर तात्पर्य जोडून ती सुधारत नाही.

हे चारही नियम मला ठाऊक होते, तरीही मी चुकलो. ती हकिकत, त्या कुटुंबाच्या संमतीने व नावगाव न सांगता, आपणापुढे ठेवितो.

पंधरा वर्षांची एक मुलगी मजकडे येत असे. तिची आई आजारी असे. सबब शाळा सुटली होती. वडील शेतकरी, स्वतः बारावीपर्यंत शिकलेले. दिवसभर शेतात राबून रात्री ते मुलीस गणित व शास्त्र शिकवीत, तिची प्रत्येक वही तपाशीत. असा पिता विरळा. मुलीने पहिली गोष्ट लिहून आणली. तीत बाप मुलीस विचारतो, “कामून रडती?” मी लाल शाई घेतली आणि ‘कामून’ खोडून ‘का बरे’ केले, ‘रडती’चे ‘रडतेस’ केले. पान शुद्ध झाले. परंतु त्या पानावरचा बाप नाहीसा झाला, हे मला कळले नाही. पुढचे कित्येक रविवार तिने सुबक व निर्जीव निबंध आणले. शेवटी तिने निरागसपणे मला विचारले, “गुरुजी, आमच्या घरचे बोलणे अशुद्ध असेल, तर आमच्या घरची गोष्ट लिहायची कशी?” त्या दिवशी मी लाल शाई बाजूस ठेविली. कथन प्रमाण भाषेत असावे, परीक्षेस ते अवश्य आहे. परंतु पात्राचे बोलणे पात्राचेच राहू द्यावे, हा धडा मला माझ्या विद्यार्थिनीने दिला.

त्यानंतर तिने जी गोष्ट आणली, ती २०१२-१३ च्या दुष्काळाची होती. त्या वर्षी आपल्या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा कशा वाळल्या हे आपणांस सांगावयास नको. पाच-सहा वर्षे लेकराप्रमाणे वाढविलेले झाड तेव्हा कोठे फळ धरते, आणि एका उन्हाळ्यात ते सरपण होते. मुलगी त्या वेळी सहा वर्षांची होती. तिच्या गोष्टीत एक काका होते. ते बागेस टँकरने पाणी घालीत, धीराचे भाषण करीत, आणि शेवटी पाऊस येऊन बाग हिरवी होई. मी विचारले, “पाऊस वेळेवर आला होता काय?” ती गप्प राहिली. मी पुन्हा विचारले, “हे काका कोण?” तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, वही दादा तपाशितात.” वडिलांस ती दादा म्हणत असे.

बंधुभगिनींनो, घरच्या शाळेतील सर्वांत मोठी अडचण मला त्या एका वाक्यात समजली. शाळेत जाणाऱ्या मुलास घरचे दुःख लिहिता येते, कारण त्याचा वाचक परका असतो. घरी शिकणाऱ्या मुलाचा शिक्षक तोच, परीक्षक तोच, पोशिंदा तोच, आणि गोष्टीतील पात्रही तोच. मग मूल खरे कसे लिहील? ते काका उभा करील व पाऊस पाडील. हा खोटेपणा नव्हे. ती माया आहे. परंतु मायेपोटी का होईना, एकदा न पडलेला पाऊस पाडण्याची सवय लागली की लेखणी आंधळी होते.

मी वडिलांकडे गेलो व म्हणालो, “मुलीस एक वही अशी द्या, जी ती स्वतः दाखवीपर्यंत आपण उघडणार नाही.” त्यांस वाईट वाटले. “माझ्याच घरात माझ्यापासून झाकलेली वही?” असे ते म्हणाले. मजजवळ सांगण्यासारखे उत्तर नव्हते. मी एवढेच म्हणालो, “दादा, बी पेरल्यावर ते उगवले की नाही हे पाहण्यास आपण रोज माती उकरता काय?” ते हसले नाहीत, परंतु दुसऱ्या दिवशी बाजारातून त्यांनी शंभर पानी वही आणून दिली.

चार महिन्यांनी मुलीने आपण होऊन ती गोष्ट आईवडिलांस वाचून दाखविली. मलाही बोलाविले होते. गोष्टीत आता काका नव्हते. टँकरच्या पैशांसाठी आईच्या पाटल्या गहाण पडल्या, तरीही झाडे गेली. आणि त्यानंतर लग्नकार्यात आई दोन्ही मनगटांवरून पदर ओढून बसे, हे सहा वर्षांच्या मुलीने पाहिले होते. एका सकाळी बाजारास जातो असे सांगून वडील कुऱ्हाड घेऊन बागेत गेले, हेही तिने पाहिले होते. गोष्टीत कोणाची तक्रार नव्हती, कोणाची स्तुती नव्हती. वाचन संपले. आईने डोळ्यांस पदर लावला. वडील पुष्कळ वेळ खाली पाहत बसले. मग हळूच म्हणाले, “टँकर तीन नव्हते गं, सव्वीस होते. मी मोजले होते.”

मुलीने पेन्सिलीने ‘तीन’ खोडून ‘सव्वीस’ लिहिले. नऊ वर्षे त्या घरात या विषयाचा शब्द निघाला नव्हता. तो त्या दिवशी निघाला. पुढे ती दहावी उतरली, हे मी ओघाने सांगतो. माझ्या मते त्या घरात झालेली खरी परीक्षा ती नव्हे.

अशा लेखनास मराठीत मोठा आधार आहे. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नाहीत. लग्न लहानपणीच झाले. अक्षरओळख पतीकडून, तीही सवडीसवडीने, घरातच झाली. अर्थात त्यांचाही शिक्षक व त्यांच्या कथेचा नायक एकच होता. मुलगा देवदत्त यांस वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी आठवणी लिहिता लिहिता ‘स्मृतिचित्रे’ तयार झाली आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. रेव्हरंड टिळक १९१९ सालीच निवर्तले होते. पतीचा मोठेपणा व पतीचा तऱ्हेवाईकपणा, दोन्ही लक्ष्मीबाईंनी सारख्याच मोकळेपणाने सांगितले. त्यांच्या घरच्या बोलीने ग्रंथास उणेपणा आला नाही. तीच त्याची शोभा झाली. त्यांनी दोष सांगितले म्हणून टिळक कोणास लहान वाटले काय? उलट ते आपल्या घरचे वाटू लागले.

तेव्हा पालकहो, माझी विनंती थोडकी आहे. गणिताची वही रोज तपासा; गोष्टीची वही मूल देईल तेव्हाच घ्या. वाचताना ‘हे लोकांस कळले तर’ असे प्रथम म्हणू नका. आपल्या मुलास जे दिसले ते त्याने लिहिले आहे; आपणांस त्याहून अधिक ठाऊक असेल तर, त्या पित्याप्रमाणे, आकडा तेवढा दुरुस्त करा. आणि मूल म्हणाले की ही गोष्ट घराबाहेर जाऊ नये, तर ती जाऊ देऊ नका. आम्हा शिक्षकांसही तोच नियम लागू आहे.

पन्नास वर्षांचा हा धर्मग्राम म्हणजे पन्नास वर्षांत एकमेकांस सांगितलेल्या व न सांगितलेल्या गोष्टींचा साठा आहे. त्यांतील न सांगितलेल्या काही, घरी अभ्यास करणाऱ्या एखाद्या मुलाच्या वहीत उतरोत, एवढी इच्छा व्यक्त करून माझे भाषण संपवितो.