आवडीच्या रकान्यात काय लिहू?

(महिला कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



"तू लिहायला का लागलीस?" या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. मी लेखिका नाही. महिला सल्ला केंद्रात काम करते. तिथे लिहिणं रोजचंच आहे. अर्ज, जबाब, गृहभेटीचे अहवाल, समझोत्याचे मसुदे. तरी पस्तिसाव्या वर्षी मी एक दोनशे पानी वही आणली आणि त्यात वेगळंच काही लिहायला लागले. ते का, एवढंच सांगते.

एका शिबिरात ओळखीचा खेळ होता. नाव, गाव आणि आपली एक आवड सांगायची. खेळ मीच ठरवलेला. बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हणाली, "आवड कसली बाई, सवडच न्हाई." दुसरीने स्वयंपाक सांगितला, तोही मुलांच्या आवडीचा. माझी पाळी आली तेव्हा मी "वाचन" म्हणून मोकळी झाले. ते खोटं होतं. त्या वर्षी फायली सोडून एकही पुस्तक मी पुरं केलं नव्हतं.

शेवटी साठीच्या एक मावशी उठल्या. म्हणाल्या, "मला यष्टीत खिडकीपाशी बसाया आवडतं. 2023 साली बायकांना अर्धं तिकीट झालं, तवापासनं महिन्यातनं एकदा तालुक्याला जाती. काम काय नसतं. जाती आन् येती. घरी सांगती, दवाखान्यात गेल्ते."

सगळ्या खूप हसल्या आणि मग गप्प झाल्या. कारण प्रत्येकीचा असा एक 'दवाखाना' होता.

या मावशींची फाइल माझ्याच हातची. मारहाणीच्या तारखा, जखमा, स्त्रीधनाची यादी, सगळं त्यात आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात घटनेचा अहवाल ठरावीक नमुन्यात भरावा लागतो. तो हवाच, कोर्टात तोच कामी येतो. पण त्या फाइलीत खिडकी कुठेच नव्हती. मी विचारलंच नव्हतं. बाईला काय सोसावं लागतं हे विचारायला मी शिकले होते. तिला काय आवडतं, हिंसेतून सुटून तिला काय करायचं आहे, हे विचारायला शिकले नव्हते. तिलाही नाही आणि स्वतःलाही नाही.

त्या रात्री वही उघडून मी माझ्या आवडी लिहिल्या. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणं. सगळे निजल्यावर एकटीनं चहा पिणं. बायकांच्या तोंडचे शब्द टिपणं. माहेरचं घर भावाचं असतं, सासरचं घर 'ह्यांचं'. एखादीच्या तोंडून 'माझं घर' हे दोन शब्द सलग आले की मी तारीख घालून लिहून ठेवते. अजून पान भरलेलं नाही.

आधी वाटलं होतं, केंद्रात येणाऱ्या बायकांच्या कहाण्या लिहाव्यात. पण नाव बदललं तरी लहान गावात माणूस ओळखू येतो. आणि त्या आमच्याकडे विश्वासानं बोलतात, छापण्यासाठी नाही. म्हणून नियम केला : तिच्या संमतीशिवाय तिचं काही लिहायचं नाही. या मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नाव घालू नको, खिडकी घाल."

मग उरले मी. ते जास्त अवघड गेलं. समाजकार्याच्या शिक्षणात अहवाल लिहायला शिकवतात, त्यात 'मी' नसते. 'कार्यकर्तीने गृहभेट दिली' असं लिहायचं. वहीत पहिल्यांदा लिहिलं, 'आज त्या दारात उभी असताना मला भीती वाटली.' इतरजणींना "घाबरू नका" सांगणारी मी! पण ते लिहिल्यानंतर पुढच्या गृहभेटीला एकटी न जाता सहकारी मैत्रिणीला घेऊन गेले. भीती लिहिली म्हणून तिच्यावर उपाय सुचला.

वही मी साड्यांखाली ठेवत असे. नवरा सहज विचारी, "काय लिहितेस?" मी म्हणे, "ऑफिसचं." हाही माझा दवाखानाच. फलटणच्या बेबी कांबळे आपलं छोटं दुकान सांभाळत, घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. त्यातून 'जिणं आमुचं' हे आत्मकथन झालं, 1986 साली पुस्तकरूपानं आलं. त्यांना लपवावं लागलं ते समजतं. मला तर घरी कुणी अडवलंही नव्हतं. मग मी कुणाला भीत होते? बाईनं स्वतःसाठी वेळ घेणं म्हणजे चोरी, हे माझ्याच मनात इतकं खोल बसलं होतं.

1855 साली, फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. त्या मुलीनं लिहिलं म्हणून ते दुःख आज आपल्याला तिच्या शब्दांत कळतं. नाहीतर दुसऱ्या कुणाच्या अहवालात ते उरलं असतं.

म्हणून एक सुचवते. आपल्या प्रत्येक गटात एक वही असू द्या. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, दुसरीनं लिहावं, आणि लिहिलेलं तिला वाचून दाखवावं. ती "असं न्हवं" म्हणाली तर खोडावं. पहिल्या पानावर दुःख नको. काय आवडतं ते लिहा.

माझी वही आता टेबलावर असते.