लेकीचं कॉलेज थांबवू नका
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेलं भाषण)



बाप्पा विद्येची देवता. म्हणून आज कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींविषयी बोलतो.

१२ फेब्रुवारी २०२२ रोजी आपल्या सुरतेत, पासोदऱ्याला, कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचा सर्वांदेखत खून झाला. मारणारा आधीपासून तिच्या मागे लागला होता. कोर्टाने त्याच वर्षी मे महिन्यात त्याला फाशी सुनावली. मुलगी मात्र गेली ती गेलीच.

आपली बरीच कुटुंबं खान्देशातून येऊन डिंडोलीत रुजली. मुलांना शिकवलं. पण लेक म्हणाली, "एक जण त्रास देतो," की आपण आधी म्हणतो, "लोक काय म्हणतील?" मग तिचं कॉलेज बंद, मग स्थळ बघणं सुरू. गुन्हा त्याचा, शिक्षा तिला!

यूजीसीच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असलीच पाहिजे. लैंगिक छळाची लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. तसंच कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. तोवर वर्ग बदलून मागता येतो, रजा मागता येते. त्रास देणारा शिक्षकच असेल, तर तिचे पेपर त्याच्याकडे तपासायला जाऊ नयेत, अशी मागणी करता येते. मुलग्यांवर असा प्रसंग आला, तर त्यांनाही दाद मागता येते. म्हणजे आपण घरात कुजबुजत बसलो, तर मुदत निघून जाते.

मी सरकारी नोकर. तोंडी सांगितलेलं विरून जातं, कागद राहतो. अर्जावर तारीख घाला, प्रत ठेवा, पोच घ्या. मोबाइलमधले मेसेज पुसू नका.

मुलीचा पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. लेक धुळ्याला किंवा नाशिकला शिकत असेल आणि प्रकार तिथे घडला असेल, तरी आपल्या डिंडोली पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या कायद्यात तसं स्पष्ट लिहिलं आहे. तक्रारीची नक्कल फुकट मिळते. गुजरातेत १८१ अभयमचा फोन रात्रंदिवस सुरू असतो, तो नंबर मुलींच्या मोबाइलमध्ये आजच घाला.

शेवटी आईवडिलांना एकच विनंती. लेक बोलायला लागली की "तू तिथे गेलीसच कशाला?" असं विचारू नका. तिला जवळ बसवा, सगळं ऐकून घ्या आणि म्हणा, "चल, अर्ज लिहू. उद्या मी येतो तुझ्याबरोबर कॉलेजात."

गणपती बाप्पा मोरया!