सही कोणाची?

(साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आज पाटी-पेन्सिल थोडी बाजूला ठेवू. आज गिरवायचं नाही, बोलायचं आहे. मागं बसलेल्या बायांनी पुढं यावं. लेकरं कडेवर असली तरी चालतील. बोलणं लेकरांबद्दलच आहे.

गेल्या पावसाळ्यात बदलापूरपलीकडच्या एका गावची आजी माझ्याकडे आली. तिचं नाव सांगत नाही. सांगू नको, असं तिनं मला बजावलं आहे. तिच्याबरोबर नऊ वर्षांचा नातू होता. पोराचा बाप अंबरनाथला कारखान्यात कामाला होता. तो आजारानं गेला. आईनं दुसरं घर केलं. त्या घरात पोराला जागा झाली नाही. मग आजीनं त्याला आपल्याकडं आणलं. आजी भाजी विकते. पहाटे उठते, टोपली डोक्यावर घेते आणि स्टेशनाजवळ जाऊन बसते. त्यावर दोघांचं पोट चालतं.

आजी म्हणाली, "ताई, शाळेनं फॉर्म दिला. त्यावर बापाची सही पाहिजे. मी म्हटलं, बाप नाही. तर म्हणाले, आईची आणा. मी म्हटलं, आईही इथं नाही. तर म्हणाले, मग आम्ही काय करणार?"

पोरगा इतका वेळ खाली बघत होता. तो एकदम म्हणाला, "मला वर्गात बिनबापाचा म्हणतात."

आजीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला काय बोलावं ते सुचेना.

आपल्या मनात घराचं एक चित्र असतं. बाप कामाला जातो, आई चूल पेटवते, दोन पोरं अंगणात खेळतात. पुस्तकातही तेच चित्र असतं. पण पुस्तक मिटा आणि आपल्याच आळीत फेरी मारा. एका घरी विधवा बाई आहे. एका घरी नवरा नांदवीत नाही म्हणून लेक माहेरी आलेली आहे. एका घरी मामा भाच्यांना वाढवतो. कुठं दत्तक घेतलेलं मूल आहे. कुठं सावत्र आई आहे, आणि ती पोटच्यापेक्षा जास्त माया करते. आपल्या कातकरी भावांची घरं तर दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. ही सगळी घरंच आहेत.

जवळचं उल्हासनगर घ्या. ते कसं वसलं, ठाऊक आहे? दुसऱ्या महायुद्धात तिथं लष्कराची छावणी होती. लांबच लांब बराकी होत्या. कल्याण कॅम्प म्हणत. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंध प्रांत पाकिस्तानात गेला. तिथले सिंधी लोक घरदार सोडून निघाले. जवळजवळ एक लाख माणसं या बराकींत आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळालं. नाव आपल्या उल्हास नदीवरून पडलं. आजही लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर तीन, कॅम्प नंबर चार असंच म्हणतात.

एवढी माणसं घर मोडून आली, तेव्हा प्रत्येक कुटुंब चित्रातल्यासारखं अखंड राहिलं असेल का? कोणाची माणसं वाटेत हरवली. कोणी मागं राहिलं. मधे एक पडदा टांगायचा, अलीकडं एक बिऱ्हाड आणि पलीकडं दुसरं, असे ते दिवस होते. ज्याच्या हाताला जे लेकरू लागलं, त्यानं ते सांभाळलं. तीच वस्ती पुढं केवढं मोठं व्यापारी शहर झाली, ते तुम्ही बाजाराला जाता तेव्हा पाहताच.

आता कायदा काय म्हणतो, ते सांगते.

शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला फुकट शिक्षण मिळालंच पाहिजे, असं तो म्हणतो. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेनं मुलाला परत पाठवायचं नाही. वर्षाच्या मधेच आलं म्हणूनही नाही. भट्टीवर जाणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या. जिथं जाल तिथल्या शाळेत ते दाखवा.

त्याच कायद्यात पालक कोणाला म्हणायचं, तेही लिहिलं आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे आणि जो त्याचा सांभाळ करतो, तो पालक. मी हे सांगितलं तेव्हा आजी म्हणाली, "पालक? मी तर रोज पाच रुपये जुडीनं विकते." आम्ही दोघी हसलो. मग मी म्हटलं, "आजी, पाळतो तो पालक. पोराला तुम्ही पाळता. म्हणून सही तुमची."

आणि बिनबापाचा म्हणण्याचं काय? शाळेत मुलाला मारायचं नाही आणि त्याच्या मनाला छळायचंही नाही, हे त्याच कायद्याचं सतरावं कलम आहे. गुरुजींनी असं बोलू नये. पोरं बोलत असतील तर गुरुजींनी थांबवावं. खरं म्हणजे पोरं हे बोलणं घरातूनच शिकतात. ओट्यावर बसून आपण मोठी माणसं काय काय बोलतो, ते आपलं आपणच आठवावं.

नावाचंही ऐका. १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलाचं नाव लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. सरकारचा तसा नियम झाला. त्याच्याही आधी, २०१५ साली, दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानं एका बाईच्या खटल्यात निकाल दिला. लग्न न झालेली आई एकटीच मुलाची पालक होऊ शकते. बाप कोण, हे सांगायची तिला सक्ती नाही. जन्माचा दाखलाही तिला मिळालाच पाहिजे. असल्या बाईला आपण गावात काय काय बोलतो! पण लेकरानं कोणता गुन्हा केला आहे?

मुंबईत गौरी सावंत म्हणून आहेत. त्या तृतीयपंथी आहेत. जन्म पुण्याचा. एका मुलीची आई वारली. ती बाई देहविक्री करून पोट भरत होती. पोरगी आता भलत्या ठिकाणी विकली जाईल, असं त्यांच्या कानावर आलं. त्यांनी तिला घरी आणलं, वाढवलं, शाळेत घातलं. ती त्यांना आई म्हणते. तृतीयपंथी माणसांना कायद्यात त्यांची ओळख मिळावी म्हणून गौरीताई न्यायालयातही गेल्या. २०१४ साली तसा निकाल लागला. तुम्ही म्हणाल, हे आमच्या गावात कुठं? असेना का नसलं. पण माया कोण करतो ते पाहावं, एवढ्यासाठी सांगितलं.

मात्र एक गोष्ट करू नका. मूल परस्पर कोणाला देऊ नका, परस्पर घेऊही नका. दवाखान्यातली ओळखीची बाई मूल मिळवून देते, असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. तो गुन्हा आहे. दत्तक घेण्याची सरकारी रीत आहे, त्या रीतीनंच घ्यावं.

आता पैशाचं. ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा दोघांतलं एकच आहे, अशांसाठी बाल संगोपन योजना आहे. तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं आहे. मूल नातेवाइकाकडं राहत असेल तरी चालतं. अठरा वर्षांपर्यंत दर महिना २२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जातो आणि बाल कल्याण समिती आदेश काढते. अर्जाला पैसे पडत नाहीत. कोणी मधल्या माणसानं पैसे मागितले तर देऊ नका. हप्ता कधी कधी उशिरा येतो, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागून मला बोल लावू नका.

आता जे सांगायचं आहे ते जड आहे. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या बदलापुरात बालवाडीत जाणाऱ्या दोन लहान मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. मुलींनी आपल्या बोबड्या बोलात घरी सांगितलं, म्हणून तो उघडकीला आला. तक्रार लिहून घ्यायला उशीर झाला. लोक संतापले. २० ऑगस्टला हजारो माणसं स्टेशनात रुळांवर उतरली. तासन् तास गाड्या बंद राहिल्या. मुंबईच्या उच्च न्यायालयानं आपण होऊन या गोष्टीत लक्ष घातलं.

त्या दिवसांत बायका मला विचारत, "ताई, पोरीला शाळेत पाठवू की नको?" पाठवा. घरी कोंडून पोरगी सुखरूप राहते, असं थोडंच आहे? लेकरू काही सांगत असेल तर हातातलं काम ठेवा आणि ऐका. "काहीतरी बरळतेस" असं म्हणू नका. अंघोळीला रडते, एखाद्या माणसाला पाहून दडते, शाळेत जायला एकाएकी नको म्हणते, तर जवळ घेऊन हळूच विचारा. रागावून विचाराल तर ती गप्प बसेल.

अशा गुन्ह्यासाठी २०१२ सालचा पोक्सो नावाचा कायदा आहे. तो मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. अत्याचार कळूनही जो पोलिसांना कळवत नाही, त्यालाही शिक्षा आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी घेता येतो. शक्यतो बाई अधिकारी येते आणि ती पोलिसी वेशात नसते. मुलाला रात्री चौकीत ठेवता येत नाही. मुलाचं नाव कोणी छापायचं नाही, गावभर सांगायचंही नाही. तक्रारीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या.

चौकी दूर असेल, किंवा जायची भीती वाटत असेल, तर फोन करा. नंबर पाटीवर लिहिते. एक, शून्य, नऊ, आठ. १०९८. पैसे पडत नाहीत. रात्रीही लागतो. मूल स्वतःसुद्धा फोन करू शकतं. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आता ती सरकार चालवतं. आकडे तर तुम्हांला आता येतातच. घरी गेल्यावर दाराच्या आतल्या बाजूला, लेकराचा हात पोचेल आणि डोळा जाईल अशा जागी, खडूनं लिहा.

त्या आजीचं पुढं काय झालं, ते राहिलंच. ती आपल्या वर्गात येत होती, पण अक्षर अजून नीट वळत नव्हतं. मी म्हटलं, अंगठा दिला तरी चालेल. ती म्हणाली, "नको. माझ्या नातवाच्या कागदावर अंगठा नको." चार दिवस ती भाजीच्या टोपलीमागं बसून आपलं नाव गिरवत होती. मग शाळेत जाऊन तिनं सही केली. शेवटचं अक्षर रेघेच्या खाली उतरलं. गुरुजींनी कागद ठेवून घेतला.

तिचा बाल संगोपनाचा अर्ज अजून व्हायचा आहे. येत्या मंगळवारी मी ठाण्याला कार्यालयात जाणार आहे. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं मूल असेल तर सोमवारी संध्याकाळपर्यंत कागद आणून द्या. मुलाचा जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचा दाखला, आई किंवा बाप वारले असतील तर मृत्यूचा दाखला, तहसीलदारांकडचा उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पुस्तक. एखादा कागद नसला तरी या. तो कसा काढायचा, ते बसून पाहू.