वेतन, लवाद आणि राजीनामा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुंभकोणम येथे दिलेले भाषण)



सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली ज्या गावी झाला, त्या गावात कारभाराविषयी चार शब्द बोलण्याचे धाडस एका साध्या सरकारी नोकराने करावे, हे थोडे अप्रस्तुतच. तथापि आपणांपैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी बँकेत, रेल्वेत अथवा टपाल खात्यात आहे. महिन्याअखेर हाती पडणारा आकडा ठरतो कसा, हा विषय कोणासच परका वाटू नये, म्हणून आम्ही तो निवडला आहे.

मालक आणि नोकर यांचे जमेना म्हणजे तिऱ्हाइताकडे जावे, ही कल्पना आपल्याकडे जुनी. मराठेशाहीत पंचायतीपुढे वाद नेताना उभय पक्षांकडून आधी ‘राजीनामा’ लिहून घेत. निवाडा काहीही होवो, आम्ही त्यास राजी आहोत, असा त्याचा अर्थ. आज त्याच शब्दाने नोकरी सोडणे असा अर्थ धारण केला आहे. आमच्या विषयात हे दोन्ही अर्थ यावयाचे आहेत.

लवादाची एक खोड सर्वांना ठाऊक आहे : तो मधला आकडा काढतो. समजा, नोकर मनात दोनशे धरून तीनशे मागतो. मालक दीडशे देण्यास तयार असून शंभर म्हणतो. पंच दोनशेवर रेघ ओढतात, आणि पुढल्या खेपेस दोघेही आणखी लांब जाऊन उभे राहतात. अमेरिकेतील धंदेवाईक बेसबॉल संघांनी १९७४ पासून यावर नामी तोड योजली आहे. साधारणतः तीन वर्षे खेळलेला, परंतु सहा वर्षे न भरलेला खेळाडू एक आकडा मांडतो, संघाचा मालक दुसरा. पंचांनी त्यांपैकी एकच उचलावयाचा. मधला काढण्याची मुभा नाही. अवास्तव मागणारा हरणार, हे दोघांनाही कळते, आकडे एकमेकांजवळ सरकतात, आणि बहुतेक करार पंचांपुढे जाण्यापूर्वीच सह्या होऊन मोकळे होतात. पंचाने तोंडही न उघडता करार घडवावा, हे आम्हांस फार मौजेचे वाटते.

आपल्याकडील बँकांचा इतिहास याहून खडतर आहे. जेथे १९०४ साली कुंभकोणम बँक, म्हणजे आजची सिटी युनियन बँक, निघाली, तेथे तो सांगणे उचितच. सेन न्यायाधिकरणाचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये रद्द ठरविला. कारण वेतनाचे नव्हते, न्यायाधिकरणाच्या रचनेतील दोषाचे होते. मग शास्त्री न्यायाधिकरण बसले. त्याने १९५३ च्या निवाड्यात बँकांचे वर्ग त्यांच्याकडील निधीवरून आणि गावांचे वर्ग लोकसंख्येवरून पाडले. मुंबईच्या कारकुनाचे घरभाडे आणि लहान गावातील कारकुनाचे घरभाडे निराळे, हे मान्य. परंतु डाळतांदूळ आणि मुलांच्या शाळेची फी कितीशी निराळी, हा वाद काही मिटला नाही. अपिलात १९५४ मध्ये जो निर्णय झाला, त्यात खुद्द सरकारने फेरफार केला. मजूरमंत्री व्ही. व्ही. गिरी यांना ते रुचले नाही. त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पहिल्या अर्थाचा राजीनामा पाळला गेला नाही, म्हणून दुसऱ्या अर्थाचा द्यावा लागला.

यानंतर दोन मराठी न्यायमूर्ती पुढे येतात. रेल्वे कामगारांच्या कामाच्या तासांचा १९४७ चा निवाडा देणारे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्याकडे सरकारने हा प्रश्न सोपविला. काम अपुरे असतानाच ते निवर्तले. साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी ते हाती घेऊन जुलै १९५५ मध्ये अहवाल दिला, आणि त्याच वर्षी कायदा होऊन निवाडा मार्गी लागला. पुढे १९६२ चा देसाई निवाडा झाला, आणि अखेर १९ ऑक्टोबर १९६६ रोजी बँका व कर्मचारी संघटना यांनी तिऱ्हाइतास वगळून आपसांत पहिला द्विपक्षीय करार केला. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला. या करारांत जे बदललेले नाही, तेथे शास्त्री आणि देसाई यांच्या निवाड्यांतील तरतुदीच चालू ठेवीत आले आहेत. पंच उठून गेले, पण त्यांनी आखलेल्या रेघा राहिल्या.

आम्ही ज्या केंद्र सरकारची चाकरी करतो, त्यानेही १९६६ सालीच संयुक्त सल्लागार यंत्रणा आणि सक्तीचा लवाद यांची योजना स्वीकारली. वेतन व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास आणि रजा एवढेच विषय लवादापुढे जाऊ शकतात. तेही एखाद्या वर्गाचे अथवा श्रेणीचे, एकट्यादुकट्याचे गाऱ्हाणे नव्हे. निवाडा उभय पक्षांवर बंधनकारक. मात्र राष्ट्राची अर्थव्यवस्था अथवा सामाजिक न्याय यांस बाध येतो असे सरकारला वाटल्यास ते प्रकरण संसदेपुढे मांडू शकते. 

योजना नवी असतानाच तिची कसोटी लागली. जीवनावश्यक गरजांवर आधारलेले किमान वेतन मिळावे, ही कर्मचाऱ्यांची मागणी. एकमत होईना, तेव्हा प्रश्न लवादाकडे न्यावा, असे ते म्हणाले. सरकारने नकार दिला. १९ सप्टेंबर १९६८ रोजी एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला; तो मोडण्यासाठी आधीच वटहुकूम निघाला होता. आम्ही टेबलाच्या सरकारी बाजूस बसणारे. तरीही आमचे मत असे की तो नकार अनाठायी होता. निवाडा जड वाटला असता, तर संसदेचे दार योजनेनेच उघडे ठेवले होते.