औषध थांबल्यानंतर

लहान मुलाच्या कर्करोगाविषयी बोलताना आपण बहुतेक वेळा पहिल्या दिवसावरच थांबतो. रिपोर्ट आला, आईबाप हादरले, जमीन गहाण पडली, मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरली. मी आज त्यापुढचं बोलणार आहे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, एके काळी हमखास जीव घ्यायचा. आज उपचार पूर्ण केले तर बहुतेक मुलं त्यातून बरी होतात.

पण हे उपचार पूर्ण व्हायला दोन-अडीच वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात घराची फाळणी होते. आई मुलाला घेऊन मुंबईत, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा २००६ पासून मुलांसाठीच चालणाऱ्या सेंट ज्यूड केंद्रात. बाप गावी, कारण मजुरी बुडवून चालत नाही. धाकटी बहीण आजीकडे. तिला कुणी नीट सांगत नाही, आणि आई दादालाच का घेऊन गेली, हे कोडं ती मनात ठेवूनच मोठी होते. या बहिणीची विचारपूस आपल्याकडे जवळजवळ कुणीच करत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मग औषध थांबतं. केस परत येतात, पेढे वाटले जातात. पण ज्या औषधांनी जीव वाचवला, त्यांतली काही शरीरावर खूण ठेवून जातात. डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचं औषध हृदयाचे स्नायू दुबळे करू शकतं, आणि ते कधीकधी कित्येक वर्षांनी कळतं. दुसऱ्या काही कर्करोगांवर दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिन या औषधाने आधी उंच स्वर ऐकू येईनासे होतात. मूल हाकेला ओ देतं, पण ‘स’ आणि ‘श’ त्याच्या कानातून निसटतात. शुद्धलेखन चुकतं, गुरुजी म्हणतात, लक्ष नाही. मेंदूला रेडिएशन दिलेलं मूल गणित सोडवायला वेळ घेतं, कधी त्याची उंची खुंटते. प्रत्येकाला हे होतंच असं नाही. पण कुणाला होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून तपासत राहायचं. टाटा मेमोरियलमध्ये १९९१ पासून खास याचसाठी वेगळी ओपीडी चालते. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या ‘उगम’ गटात अशी बरी झालेली मुलं, आता तरुण, नव्या पालकांशी येऊन बोलतात. समोर उभा असलेला असा तरुण पाहून पालकांना जो धीर येतो, तो आमच्या कुठल्याही व्याख्यानाने येणार नाही.

पण नेमकं या पुढच्या तपासण्यांच्या बाबतीतच आपण घात करतो. मुलगी असेल तर स्थळं यायची नाहीत म्हणून फाइल माळ्यावर जाते, कधी जाळलीही जाते. पुढे तीच मुलगी गरोदर राहते, आणि तिच्या हृदयाचा इको काढायला हवा हे डॉक्टरांना कळायला मार्गच नसतो. लहानपणी कुठलं औषध किती मिळालं, हे तिलाही ठाऊक नसतं.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असं मूल आहे, त्यांना हात जोडून विनंती. उपचारांचा गोषवारा डॉक्टरांकडून लेखी मागून घ्या, त्याच्या प्रती काढा, आणि मूल जाणतं झालं की त्याला समोर बसवून सगळं सांगा. ज्यांच्या घरी असं मूल नाही, त्यांनी असं स्थळ आलं तर केवळ त्या आजारामुळे ते परत पाठवू नये.