सहाराच्या काठची सांथ आणि पुण्याची लस

आफ्रिका खंडांत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत, देशांची एक लांबच लांब पट्टी पसरली आहे. कोरड्या ऋतूंत तेथें धुळीचे वारे वाहूं लागले, कीं मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या रोगाची, सांथ उद्भवत असे. १९९६-९७ च्या सांथींत २,५०,००० हून अधिक माणसें आजारी पडलीं आणि सुमारें २५,००० दगावलीं. या रोगांतून जे वांचतात, त्यांतील कित्येकांस कायमचें बहिरेपण येतें.

लस नव्हती असें नाहीं. परंतु ती लस जंतूच्या शर्करामय कवचापासून केलेली असे, आणि दोन वर्षांखालील बालकाच्या शरीरास त्या शर्करेची ओळख नीट पटत नाहीं. मोठ्यांना मिळणारें संरक्षणही थोड्या वर्षांत ओसरे. शिवाय घशांत जंतु बाळगणारा धडधाकट मनुष्य ते दुसऱ्यास देतच राही. त्यामुळें सांथ भडकल्यावर टोंचणीचीं पथकें धांवत, आणि तीं पोंचेपर्यंत अनेक घरांत रोग शिरलेला असे.

यावरील उपाय शास्त्रज्ञांस ठाऊक होता. तीच शर्करा एखाद्या प्रथिनास जोडली, म्हणजे बालकाचें शरीरही तिची खूण दीर्घकाळ ध्यानांत ठेवतें. श्रीमंत देशांतील मुलांना अशा जोड-लशी मिळूं लागल्या होत्या. आफ्रिकेंत मुख्यतः थैमान घालणाऱ्या ‘ए’ गटाच्या जंतूवर मात्र ती कोणी बाजारांत आणली नाहीं; कारण तिचें गिऱ्हाईक गरीब होतें.

२००१ सालीं जागतिक आरोग्य संघटना व ‘पाथ’ ही संस्था यांनीं गेट्स प्रतिष्ठानच्या ७ कोटी डॉलरांच्या साह्यानें हें काम हातीं घेतलें. डॉ. मार्क लाफोर्स हे त्याचे प्रमुख होते. किती किंमत परवडेल, हें आफ्रिकेंतील आरोग्याधिकाऱ्यांना आधींच विचारण्यांत आलें. अर्ध्या डॉलरपेक्षां अधिक नको, असें उत्तर आलें. एरवीं माल तयार झाल्यावर भाव ठरतो. येथें भाव आधीं ठरला आणि त्यांत बसेल अशी लस शोधावी लागली. मोठ्या कंपन्यांशीं बोलणीं जमलीं नाहींत. तेव्हां शर्करा आम्स्टरडॅमहून आली, धनुर्वाताचें प्रथिन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें दिलें, आणि दोहोंना जोडण्याची कृति अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेंतील डॉ. ली व डॉ. फ्रॅश यांनीं पुरविली.

कृति कागदावर उतरवून पाठविली, म्हणजे विद्या पोंचली असें होत नाहीं. पुण्याचे शास्त्रज्ञ त्या प्रयोगशाळेंत जाऊन ती प्रत्यक्ष शिकले, आणि परतल्यावर मोठ्या प्रमाणावर तीच गोष्ट साधण्यासाठीं झटले. मुंबईस हें नवल वाटूं नये. ओडेसांत जन्मलेल्या व पॅरिसमध्यें काम केलेल्या हाफकिननें १८९७ सालीं मुंबईंतच प्लेगची लस सिद्ध केली होती. लशीच्या चांचण्या प्रथम भारतांत, मग माली व गांबिया येथें झाल्या. तेथील डॉक्टर व परिचारिकाही या कामांत तयार झाल्या.

६ डिसेंबर २०१० रोजीं बुर्किना फासोमध्यें मोहिमेस आरंभ झाला. १ ते २९ वर्षांच्या माणसांस एकच टोंचणी पुरे होती. पुढें या पट्टींत ३० कोटींहून अधिक लोकांना ती मिळाली, आणि २०१७ नंतर ‘ए’ गटाचा एकही रुग्ण तेथें निश्चितपणें आढळलेला नाहीं.

अर्थात् युद्ध संपलें नाहीं. ‘सी’ गटाच्या जंतूनें २०१५ सालीं नायजरमध्यें व २०१७ सालीं नायजेरियांत मोठ्या सांथी आणल्या. तेव्हां पुण्यास पुन्हां कामाला लागावें लागलें, आणि पांच गटांवर चालणारी नवी लस २०२४ सालीं प्रथम नायजेरियानें वापरली. शिकलेले हात जागेवर होते, म्हणून दुसरी वाट पहिलीइतकी अवघड ठरली नाहीं. गरीब देशांस लशीच्या कुप्या पाठविणें हें पुण्यकर्म खरेंच. परंतु कुपी रिकामी होते. ती भरण्याची विद्या ज्या देशास दिली, त्यास पुढच्या सांथीच्या वेळीं दुसऱ्याच्या दाराशीं थांबावें लागत नाहीं.