बोटीवरचा वाटा

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी रुग्णांच्या नातेवाइकांच्या वतीने झालेले भाषण)



मी व्यवसायाने प्राथमिक शिक्षक. परंतु आज आपल्यापुढे उभा आहे तो एका मुलीचा मामा म्हणून. तिचे घर नवापूरच्या कोळीवाड्यात. 2016 च्या उन्हाळ्यात, ती सहा वर्षांची असताना, तिचा ताप हटेना आणि अंगावर निळसर डाग उठू लागले. कोणी दृष्ट काढली, कोणी अंगारा लावला. शिकलासवरलेला मीही त्यात होतो, हे कबूल केले पाहिजे. अखेर याच रुग्णालयात तिचे रक्त तपासले गेले आणि त्याच संध्याकाळी परळच्या टाटा रुग्णालयासाठी चिठ्ठी आमच्या हाती पडली. तेथे रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले.

माझ्या बहिणीचा पहिला प्रश्न होता, "माझे काय चुकले?" आमच्या किनाऱ्यावरील लोकांच्या मनात आणखी एक प्रश्न येतो, कारण एका बाजूस तारापूरचे अणुवीज केंद्र आहे आणि दुसऱ्या बाजूस औद्योगिक वसाहतीची धुराडी. डॉक्टरांनी दोन्ही प्रश्न शांतपणे ऐकले. मुलांच्या या आजाराचे निश्चित कारण बहुतेक वेळा सांगता येत नाही, आईने स्वतःस दोष देऊ नये, आणि हा आजार एकाचा दुसऱ्यास लागत नाही, असे त्यांनी सांगितले. हे शेवटचे वाक्य मी कोळीवाड्यात दारोदार जाऊन सांगितले. तोपर्यंत शेजारची मुले आमच्या अंगणात फिरकेनाशी झाली होती.

टाटा रुग्णालयात 1984 साली मुलांच्या रक्तकर्करोगासाठी एक ठरीव उपचारक्रम सुरू झाला. त्याआधी पाचांतील जेमतेम एखादे मूल हाती लागत असे. या उपचारक्रमाने ते प्रमाण निम्म्याच्या आसपास गेले, आणि पुढे त्यात आणखी सुधारणा होत गेली. या कार्यात अग्रभागी असलेले डॉ. सुरेश अडवाणी स्वतः बालपणी पोलिओने अपंग झालेले. त्यांनी चाकाच्या खुर्चीवरून हे काम केले. ही हकिगत मी बहिणीला सांगितली, तेव्हा ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

परंतु हा उपचार दोन-अडीच वर्षांचा. खरी कसोटी मूल बरे दिसू लागले तेव्हा आली. जुलैच्या अखेरीस भाची वाळूत खेळू लागली. तपासणीत रोग दिसत नव्हता. मेहुणे म्हणाले, "आता औषध कशाला? बोट निघायची वेळ झाली." मी त्यांना दोष देणार नाही. मासेमारीची बंदी संपून 1 ऑगस्टला बोटी पाण्यात उतरतात, आणि जो खलाशी बोटीवर नाही त्याला वाटा नाही. शासकीय योजनेतून औषधोपचार होत होता. घरची चूल त्यातून पेटत नव्हती. उपचार मध्येच सोडल्यास रोग उलटतो, हे डॉक्टरांनी बजावले होते. तरी त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तांडेल घरी आले. त्यांनी आणि बोटीवरच्या माणसांनी ठरवले, की मेहुणे किनाऱ्यावर असले तरी त्यांचा अर्धा वाटा काढून ठेवायचा. आपसांत थोडी कुरबुर झाली, ती मी लपवीत नाही. पण हंगामभर वाटा आला.

रक्ताची व्यवस्था माझ्याकडे होती. गावात मोठे शिबिर घेऊ, अशी माझी कल्पना. रक्तपेढीत समजले, की मुलीला लागणाऱ्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जेमतेम पाच दिवस टिकतात. एका दिवशी शंभर माणसे आणून उपयोग नाही. म्हणून शाळेची कोरी वही घेतली, तीत नवापूर, दांडी, उच्छेळी आणि आलेवाडीच्या तरुणांची रक्तगटांसह नावे लिहिली आणि पाळ्या लावल्या. बोईसरहून पहाटेची गाडी पकडून ही मुले परळला जात आणि रात्री परत येत.

मुंबईत आसरा मिळाला तो दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत. तेथील तसबीर पाहून भाचीच्या आजीने विचारले, "हे बाबा कोण?" मी सांगितले, की यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, आणि देवापुढे कोंबडे-बकरे कापू नका, असे जन्मभर कीर्तनातून सांगितले. आजी गप्प झाली. तिने डहाणूच्या महालक्ष्मीला कोंबडाच बोलला होता. 2017 च्या चैत्र यात्रेला ती एकटीच विवळवेढ्यास गेली, कारण नातीला गर्दीत नेण्यास डॉक्टरांची मनाई होती. देवीला तिने नारळ वाहिला, आणि कोंबड्याच्या बदली धर्मशाळेच्या शिध्यासाठी तांदूळ पाठविले. नवस फिटला की नाही, हे ती आणि देवी जाणोत. तिची श्रद्धा मात्र त्या वर्षी घराला धरून होती.

पुढे गोळ्यांचा काळ आला, तेव्हा रक्ताची नियमित तपासणी आपल्याच रुग्णालयाने विनामूल्य केली. त्यामुळे मुंबईच्या कितीतरी खेपा वाचल्या. 2018 च्या दिवाळीनंतर उपचार संपला. आज भाची माध्यमिक शाळेत शिकते आणि वर्षातून एकदा तपासणीस जाते.

देणगीदारांना एक विनंती. नव्या यंत्रावर आपले नाव कोरले जाते, ते योग्यच आहे. परंतु एखादा बाप औषध सोडून बोटीवर निघाला असेल, तर त्याच्या महिन्याच्या गाडीभाड्यासाठी आणि घरच्या धान्यासाठीही या ट्रस्टकडे वेगळी रक्कम असावी.

ती वही मी आज सोबत आणली आहे. बाहेर नोंदणीच्या टेबलावर ठेवली आहे. सध्या पालघरकडील एका मुलासाठी तिचा उपयोग होत आहे, आणि ए निगेटिव्ह गटाखाली दोनच नावे आहेत.